मेतोदीला कुणी पाहिलंय का?

फिनलंडची ती पोरगी माझ्याकडे राहायला आली सोमवारी, आणि शुक्रवारपर्यंत तिने बल्गेरियातलं आमचं अख्खं प्लोव्दिव पालथं घातलं. वेनला तिचं नाव. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आली होती, पण कॉलेज सुरू व्हायला आठवडा होता. बोलणं इतकं कमी, की घरात भाडेकरू ठेवलीय की मांजर, मला कळेना. सकाळी निघायची आणि संध्याकाळी येऊन नकाशावर पेन्सिलीने फुल्या मारत बसायची. मी म्हणायचे, "अगं, टेकडीवर जा, जुनी घरं बघ, सगळे तिकडेच जातात." ही आपली बेकरीत, भाजीबाजारात, बागेतल्या बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यांत. म्हटलं, असेल एकेकीची आवड.

शिवाय मला तिच्याकडे बघायला फुरसत कुठे होती? शनिवारी माझ्या मेतोदीला जाऊन वर्ष होणार होतं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापून कागद दारावर लावतात, चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. रविवारीच मी वर्षाचे कागद लावून आले होते: इमारतीच्या दारावर, बेकरीच्या भिंतीवर, बसथांब्यावर. येता-जाता त्या दारातल्या फोटोशी थांबायचे आणि डोळे पुसून वर यायचे.

गेला याचं दुःख होतंच. पण वर्षभर मला पोखरत होतं ते वेगळंच. त्या सकाळी मी हिवाळ्यात साठवायला लाल गोड्या मिरच्या भाजत होते. ढीगभर. हा मध्ये मध्ये येऊन उचलून खात होता. मी खेकसले, "नीघ इथून, तोंड दाखवू नकोस." टोपी घालून तो गुपचूप गेला आणि अर्ध्या तासात बसथांब्यावर कोसळला. त्रेचाळीस वर्षांचा संसार आणि माझा शेवटचा शब्द काय, तर नीघ. रागावून गेला का माझ्यावर? हे कुणाला विचारणार? यंदा मी मिरच्यांना हात लावला नव्हता.

शुक्रवारी बाजारातून आले तर दारावरचा कागद गायब. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या स्तोयनाला आधी चार शब्द सुनावून आले, कारण तिला दार स्वच्छ ठेवायची भारी हौस. वर येऊन बघते तर कागद आमच्याच टेबलावर, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातलेला.

"हा तू काढलास?"

"हो मावशी. लोकांना दाखवायला. फोनमधला फोटो त्यांना नीट दिसेना," वेनला म्हणाली. तिची आमची भाषा मोडकीतोडकी, आणि अक्षरं तर लागतच नव्हती. "तुम्ही रोज याच्याजवळ रडता. आमच्याकडे माणूस हरवला की असा फोटो लावतात. मी शोधत होते."

"काय शोधत होतीस?"

"यांना. सगळीकडे विचारलं. लोक पुष्कळ बोलले, पण मला थोडं कळलं. मी म्हणाले, माहीत असेल ते शनिवारी घरी येऊन मावशींना सांगा."

मी कपाळावर हात मारला. "अगं बये, तो हरवला नाही, मेलाय. आणि तू त्याला गावभर फिरवलंस. उद्याचं आटपू दे, मग दुसरी खोली बघ."

ती पांढरीफटक पडली आणि तिने आत जाऊन दार लावून घेतलं.

शनिवारी कबरीवरून आले. गेलेल्याच्या नावाने वाटतात तसे साखर-अक्रोड घालून गहू शिजवले होते, पाच जणांपुरते. दहा वाजता बेल वाजली. बेकरीवाला हरालांपी.

"तुमच्या त्या पोरीने बोलावलं. तुम्हाला मेतोदीच्या गोष्टी ऐकायच्यात म्हणे."

मागोमाग बुद्धिबळवाले तिघे, हरलेल्या डावांचा दोष अजून मेतोदीवर ढकलत. मग भाजीवाली. जिन्यात रांग लागली. वाटीभर देत होते ते मी चमच्यावर आणलं, तरी गहू संपत आले. इतक्या माणसांना माझा नवरा आठवतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

शेवटी आली बसथांब्यावरच्या टपरीतली पेपरवाली, झ्लात्का. आत यायलाच तयार नाही.

"वर्षभर सांगेन म्हणत होते, धीर झाला नाही," ती म्हणाली. "त्या सकाळी तो माझ्याच खिडकीशी उभा होता."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "रागात होता?"

"राग कसला! हसत होता. म्हणाला, रायनाने स्वयंपाकघरातून हाकललंय, म्हणजे यंदा मिरच्या फक्कड होणार. गरम पाव आणतो आणि परत जाऊन पहिली मिरची मीच खातो, ती कितीही ओरडू दे."

मी तिथेच स्टुलावर बसले आणि मोठ्याने रडले. झ्लात्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मग गेली.

डोळे पुसून बघते तर वेनला दारात. पायात बूट, हातात बॅग.

"कुठे निघालीस?"

"तुम्ही म्हणालात ना, मावशी."

"मी म्हणते म्हणून कुणी घर सोडून जातं होय? मेतोदी जात नव्हता. बूट काढ आणि पिशवी घे. बाजारातून दहा किलो मिरच्या आणायच्यात."

दुपारी घरभर धूर झाला. ती मध्ये मध्ये आली, तशी मी दोनदा खेकसले. पहिली भाजलेली मिरची मात्र सोलून तिच्याच ताटात वाढली.