गेरूचा हौद

खर्र... खर्र... आणि मग थप्प.

दुपारच्या शांततेत तो आवाज ओट्यावरून आला आणि भूमिकाला थोपटणारा पुनमचा हात जागीच थांबला. चार वर्षांची पोर नुकतीच झोपली होती. सासूबाई, कुंदाबाई, आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. वीज गेल्यामुळे पंख्याचीही घरघर नव्हती. खर्र म्हणजे घरच्या म्हाताऱ्या कुत्र्यानं, गेरूनं, पुढच्या पायांची नखं फरशीत रोवली. थप्प म्हणजे मागच्या पायांनी आजही दगा दिला.

ती बाहेर आली तेव्हा गेरू भलतीकडेच बघत होता. जणू आपल्याला उठायचं नव्हतंच, इथंच जरा सरकून बसायचं होतं. त्याची ही लाज तिला बघवत नसे.

"काय व्हयनं रे भो?" तिनं त्याच्या कानामागं खाजवत विचारलं.

ही तिची धुळ्याची अहिराणी बोली. लग्न होऊन असोद्याला आली तेव्हा 'आहे'ऐवजी येणाऱ्या तिच्या 'शे'ला सगळं घर हसायचं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण नवी नवरी ती, हसू टोचायचंच. मग तिनं ती बोली गुंडाळून ठेवली आणि फक्त गेरूजवळ उलगडायला सुरुवात केली. गेरू कधी हसला नाही. ती जळगावला निघाली की हा स्टँडपर्यंत सोबत यायचा आणि बस हलल्याशिवाय परत फिरायचा नाही. भूमिका झाली तेव्हा पाळण्याखाली असा ठाण मांडून बसला, की पुनमनं "येऊ दे" म्हटल्याशिवाय सासऱ्यांनासुद्धा नात बघायला मिळाली नाही. तोच गेरू आता ओट्याची एक पायरी चढायला माणसाची वाट बघायचा.

जळगावच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्सरे उजेडाला धरून दाखवला. "खुब्याचे सांधे झिजलेत. गोळ्या देतेच, पण याला पोहवा."

"पोहवा?" पुनमचा नवरा तेजस हसलाच.

"पाण्यात अंगाचं वजन उतरतं. सांध्यावर भार न येता पाय हलतात. मोठ्या शहरांत यासाठी कोमट पाण्याच्या टाक्या असतात. तुमच्याकडे काय आहे?"

"शेतात हौद शे," पुनम बोलून गेली आणि जीभ चावली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"उत्तम. पाणी गार नको. घाई नको. पोटाखाली आधार द्या, थोडा वेळच ठेवा, बाहेर काढलं की नीट पुसा. पण टाळू नका. पाय असेच पडून राहिले तर मांस झडत जाईल आणि मग उठणंच बंद होईल."

परतताना गेरूला दोघांच्या मध्ये धरून मोटारसायकलवर बसलेल्या पुनमला तेजस म्हणाला, "उठणंच बंद झालं ना, तर त्याचे हाल बघत बसण्यापेक्षा..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं. पण ते त्याच्या मनात आहे, हे आता तिला कळलं होतं.

घरी सासरे, चुडामण आबा, बातमी ऐकून खुलले. "पोहणं? मंग ते माह्याकडे लागलं!"

त्यांचा अधिकारच होता. असोद्यातली कितीतरी पोरं आबांच्या विहिरीत पोहायला शिकलेली. पद्धत ठरलेली: पोराच्या कमरेला केळीच्या खोडाचा तुकडा बांधायचा, विहिरीच्या काठावर उभं करायचं, शाळेत काय शिकवलं रे, असं काहीतरी विचारायचं, आणि ते उत्तर देत असतानाच द्यायचा धक्का. "सांगून उतरवलं की पोऱ्या रडतो," आबा म्हणायचे. "न सांगता पडला की हातपाय मारतो."

संध्याकाळी हौदाजवळ पुनम टॉवेल ठेवायला वळली, तेवढ्यात आबांनी गेरूच्या कमरेचं खोड आवळलं, "काय म्हनतो गेरूशेठ?" म्हणून विचारलं आणि लोटून दिला.

खोड सरकलं शेपटीकडे. मागचं अंग वर आलं आणि नाक पाण्याखाली गेलं. पुनम किंचाळली. आबांनी धोतरासकट उडी घेतली, गेरूला छातीशी धरून वर काढलं. तो किती वेळ खोकत होता आणि आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, पण तो हात अंगाला लागला की गेरू आक्रसायचा.

त्यानंतर हौद नुसता दिसला तरी तो अंग टाकून द्यायचा. आबांच्या चपलांचा आवाज आला की फरफटत खाटेखाली शिरायचा. पिल्लू होता तेव्हापासून आबांच्या ताटातली भाकरी खाल्लेलं कुत्रं! आबा भाकरीचा तुकडा हातात धरून खाटेशी वाकून बसायचे आणि थोड्या वेळानं तुकडा तिथंच ठेवून उठायचे. एकदा जेवताना ते म्हणाले, "त्याले वाटलं, म्या त्याले मारून टाकतो."

मग पुनम म्हणाली, "मी उतरते पाण्यात. आधी मी, मग तो."

कुंदाबाईंचा घास हातातच राहिला. "सून हौदात? अन् सासरा काठावर? लोकं काय म्हनतीन व?"

"तुला पोहता येतं?" तेजसनं विचारलं.

"हौदात उभं राहता येतं." धुळ्यात तिचं लहानपण नळाच्या पाण्याचे ड्रम भरण्यात गेलेलं. घोट्याच्या वर पाण्यात ती कधी उतरलेली नव्हती, पण ते तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेतात निघताना कुंदाबाईंनी आपलं जुनं मऊ लुगडं तिच्या हातात कोंबलं. "हे घे. पोटाखालून झोळी कर त्याले. दोरीनं कातडं सोलतं." मग आबांकडे वळून म्हणाल्या, "अन् तुम्ही तिकडे तोंड करून बसा. बागेकडे. इकडे पाह्यलं तर पाहा मंग."

आबा मुकाट्यानं उलट्या क्रेटवर बसले. तोंड केळीच्या बागेकडे, पाठ हौदाकडे.

थंडीचे दिवस, पण बोअरचं पाणी ताजं आणि कोमट येत होतं. हौदाच्या कोपऱ्यात उतरायला पायऱ्या होत्या. ओढणी कमरेला खोचून पुनम एकेक पायरी उतरली. पाणी गुडघ्याला आलं, मांड्यांना आलं, कमरेला आलं. तेजसनं गेरूला वरच्या पायरीवर ठेवलं. गेरू थरथरत होता.

"उतरला का?" आबांनी केळीला विचारलं.

"नाही आबा."

"मी येऊ?"

"नका ना आबा!"

"मले गुडघ्यासाठी कोनी हौद नही भरला," कुंदाबाई काठावर बसत म्हणाल्या. "कुत्र्याचं नशीब पाहा."

तेजस हसला, भूमिका हसली. पुनमचं मात्र लक्ष नव्हतं. ती गेरूकडे बघत होती, गेरू पाण्याकडे. ओढायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. मग सगळ्यांच्या देखत, आवाज न चोरता, ती म्हणाली, "ये रे भो. मी शे ना आठे."

कुणी हसलं नाही.

गेरूनं पुढचा एक पंजा पाण्यात घातला, काढला, पुन्हा घातला. आणि मग सगळं अंग तिच्यावर झोकून दिलं. ती मागं हेलपाटली, पण पाय रोवून उभी राहिली. लुगड्याची झोळी त्याच्या पोटाखाली आली. त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर, श्वास तिच्या कानात. मागचे पाय पाण्यात नुसते लोंबत होते, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. ती हळूहळू मागं सरकू लागली, बाळाला घेऊन फिरतात तशी.

आणि तिच्या मांडीला काहीतरी लागलं. एक हलकी लाथ. मग दुसरी.

"आबा! पाय हलवले!"

"कोन्ते?"

"मागचे! दोन्ही!"

आबांची पाठ एकदम ताठ झाली. "मी फिरू का इकडे?"

"खबरदार!" कुंदाबाई ओरडल्या. आबांनी खांद्यावरच्या रुमालानं नाक पुसलं आणि केळीकडेच बघत राहिले.

वर काढल्यावर गेरूनं अंग झाडलं आणि सगळं पाणी आबांच्या पाठीवर उडालं. आबा हलले नाहीत. थोड्या वेळानं गेरू खुरडत खुरडत पुढे गेला आणि आबांच्या क्रेटला टेकून बसला. आबांनी हात खाली सोडला, पण त्याच्या अंगावर ठेवला नाही. नुसता जवळ ठेवला. गेरूनं तो हुंगला आणि मग आपणच त्यात मान टेकवली.

मग तो नेमच झाला. मोटारीला वीज असली की हौद, नसली की दुसऱ्या दिवशी. थंडी सरेपर्यंत गेरूच्या मांड्यांवर पुन्हा मांस धरलं. तो आपलाआपण उठायला लागला. रोज नव्हे, पण उठायला लागला. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितले, खूश झाल्या, आणि मग जपून म्हणाल्या, "सांधा मात्र नवा येत नाही हं. पाण्यात त्याला जितकं मोकळं वाटेल तितकं जमिनीवर कधीच नाही वाटणार. जमेल तोवर पोहवत राहा." तेजसनं मान डोलावली. अर्धं सोडलेलं ते वाक्य त्यानं पुन्हा काढलं नाही.

आज पुनमनं लुगड्याची झोळी पहिल्यांदाच पूर्ण सैल सोडली. गेरू हौदाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकटा गेला, वळला, परत आला. कान मागे पडलेले, शेपूट पाण्यावर तरंगत होती, डोळे बसस्टँडच्या वाटेवर असायचे तसे झालेले. काठावर पाय सोडून बसलेली भूमिका टाळ्या पिटत होती.

मग पुनमनं त्याला पायऱ्यांकडे वळवलं. एकेक पायरी वर येताना त्याचं वजन परत त्याच्या अंगात शिरतंय, हे तिच्या हातांना कळत होतं. वरच्या पायरीवर मागचे पाय लटपटले आणि दुमडले. तिनं त्याला उचलून उन्हात ठेवलं आणि टॉवेल घेतला. गेरू वळून पाण्याकडे बघत राहिला.

"आई," भूमिका म्हणाली, "पाण्यात त्याचं काहीच दुखत नाही ना?"

"नाही गं."

"मग आपण त्याला बाहेर का काढतो?"