मुदत नसलेली परवानगी

मामांच्या बैठकीच्या खोलीत प्रकाशकाचा माणूस आधीच येऊन बसलेला दिसला आणि भाची त्याला टाळून थेट स्वयंपाकघरात गेली.

ती वकील. परदेशात तयार झालेला मुक्त परवाना इथल्या कायद्यात बसवायचं काम पाच वर्षांपूर्वी तिनेच केलं होतं. लेखकाचं नाव ठेवा आणि पुस्तक खुशाल छापा, वाटा, बदला, असा तो परवाना. त्यावर पहिली सही मामांची होती. त्यांच्या रुग्णसेवेच्या सचित्र पुस्तकावरून आज कितीतरी परिचारिका शिकत होत्या.

मूळ मसुद्यात 'कायमसाठी' ही मुदत फक्त शीर्षकात होती. तिने ती तिथेच ठेवली, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. इथला कायदा शीर्षकाला विचारत नाही. कलमात मुदत लिहिली नसेल, तर परवानगी पाच वर्षांनी आपोआप संपते. पाच वर्षं आज भरत होती.

तिने मामांना स्वयंपाकघरात बोलावून नवा मसुदा पुढे केला.

"आज सही हवी, मामा."

"का? जुना आहे की."

'कायदा बदलला' म्हणून सुटता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते.

"चूक झाली माझी," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

मामांनी मसुदा हातात घेतला.

"म्हणजे उद्यापासून पुस्तक पुन्हा माझं एकट्याचं. म्हणून तो बाहेर येऊन बसलाय?"

"हो. सगळे हक्क विकत घ्यायला."

मामांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. बाहेरचा माणूस दोनदा खोकला. भाची ओट्याला टेकून उभी होती.

"एकदा दिलं की परत घेता येतं?"

"नाही. या वेळी तेही कलमातच लिहिलंय."

आता हे नाहीच म्हणणार, असं तिला वाटलं. मामांनी पेन उघडलं आणि प्रत्येक पानावर सही केली.

"थँक्यू, मामा."

"गेल्या वेळी वाचलंच नव्हतं मी. तू लिहिलंयस म्हणून डोळे मिटून सही केली होती." त्यांनी कागद तिच्या हातात दिले. "यापुढे काही आणशील ना, तर आधी दुसऱ्या वकिलाला दाखवून आण."

"हो," ती म्हणाली.