ओळीखालचे उत्तर

तुमचा निरोप मिळाला. तुमच्या तक्रारीचा क्रमांक १.

मित्रांनो, माझ्या जन्माच्या दिवशी माझ्या नावाने गेलेले हे पहिले शब्द. बाळे जन्मली की रडतात. मी पोच दिली.

मी एक जुना ईमेल पत्ता आहे. मला रंग नाही, वजन नाही, मला गंजही चढत नाही. पण घर आहे: श्रवणयंत्रे दुरुस्त करणारे दोन खोल्यांचे दुकान. पुढे काउंटर आणि चार खुर्च्या. मागे डोळ्याला भिंग लावून बसलेले मामा. नखाएवढे यंत्र उघडायचे, हलकी फुंकर मारायची आणि त्याला पुन्हा ऐकते करायचे, हे मामांचे काम.

माझ्या आधी तक्रारी फोनवर येत. जरा विचार करा! ज्याचे ऐकायचे यंत्र बंद, त्यानेच फोन करायचा! मामा इकडून ओरडत, "कुठल्या कानाचं?" तिकडून उत्तर येई, "नाही, मी घरीच आहे!" यंत्राची तक्रार मामांना कळायच्या आधी शेजारच्या शिंप्याला पाठ होई.

मग मामांची भाची आली. ती संगणकावर एक तक्रारवही घेऊन आली. प्रत्येक तक्रारीला एक पान, प्रत्येक पानाला क्रमांक. "मामा, लोकांनी पत्र पाठवायचं आणि वहीत पान आपोआप उघडायचं," ती म्हणाली. पत्रे घ्यायला कोणीतरी दारात हवे होते. तो मी. दर पाच मिनिटांनी वही माझे दार वाजवणार आणि आलेली पत्रे उचलून नेणार.

पण दार उघडेना. पासवर्डच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली होती, ती दिसणार कशी? भाची पत्रांवर पत्रे पाठवत राहिली.

चाचणी.
चाचणी २.
चाचणी ३, आता तरी.
काय हट्ट आहे.
ये ना रे बाबा.

ती मोकळी जागा सापडली, आणि पाचही पत्रे धाडकन वहीत शिरली. म्हणून आमच्या वहीत तक्रार क्रमांक ५ आजही "ये ना रे बाबा" अशीच आहे. मामांनी ती पुसू दिली नाही. म्हणाले, "गिऱ्हाइकाचं मन यापेक्षा चांगलं कुणी लिहिलंय?"

ते दिवस काय सुखाचे होते, मित्रांनो! मुख्य म्हणजे ओरडणे थांबले. शिंपी तेवढा नाराज झाला.

भाचीने एक शहाणपणाची गोष्टही केली. उत्तरासोबत जुने पत्र शेपटासारखे पुन्हा पुन्हा येऊ नये, म्हणून आमच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तिने एक ओळ घातली:

——— कृपया या ओळीच्या वर लिहा ———

ओळीच्या वरचे वहीत जायचे. खालचे वही कापून टाकायची.

क्रमांक २१७ इथेच सुरू होतो.

एका आजोबांचे पत्र आले. त्यांनी उभे आयुष्य छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले होते. लिहिले होते, "उजव्या कानाचे यंत्र सुनेबरोबर पाठवले आहे. शनिवारी नातीचे नाटक आहे. ती झाड झाली आहे. झाडाला एकच वाक्य आहे. तेवढे मला ऐकायचे आहे."

मामांनी विचारले, "आतला भाग बदलावा लागेल. बदलू का?"

पहिले उत्तर आले. वहीत पान कोरे.

मामांनी पुन्हा विचारले.

पुन्हा कोरे.

तिसऱ्यांदाही कोरेच.

शुक्रवार उजाडला. मामा वैतागले. "थट्टा लावलीय यांनी! हो नाही, नको नाही. विचारल्याशिवाय मी भाग बदलत नसतो." त्यांनी यंत्र उचलले आणि परत पाठवायच्या डब्यात ठेवले. मित्रांनो, मला सगळे माहीत होते! तिन्ही पत्रे माझ्याकडे पूर्ण पडून होती. पण पत्त्याला तोंड नसते.

भाची चहाचा कप घेऊन वहीसमोर बसली होती. "मामा, कोरं पत्र एकदा चुकून जातं. तीनदा कोण पाठवतं? या माणसाला काहीतरी सांगायचंय."

तिने वही बाजूला केली आणि थेट माझे दार उघडले. बघते तर तिन्ही उत्तरे ओळीच्या खाली, व्यवस्थित परिच्छेद पाडून! शेवटचे तिने मोठ्याने वाचले: "महोदय, दुसऱ्याच्या मजकुरावर लिहिणे आमच्या धंद्यात उद्धटपणा समजतात, म्हणून खाली लिहितो. दोनदा हो म्हणालो, तिसऱ्यांदा हो. लग्नातही मला इतक्या वेळा विचारले नव्हते."

मामा हसता हसता डब्याकडे धावले. भिंग डोळ्याला लागले. शनिवारी दुपारी भाचीने यंत्र स्वतः नेऊन दिले.

रविवारी सकाळी क्रमांक २१७ वर पत्र आले. वहीत कोरेच. पण आता सगळे थेट माझ्याकडे धावले. ओळीच्या खाली लिहिले होते:

"'माझ्या सावलीत सगळे मावतात.' हे ते वाक्य. पाठीमागच्या रांगेतून स्पष्ट ऐकले. झाड थोडे घाईत बोलले."

भाचीने त्याच दिवशी वहीला खालचेही वाचायला शिकवले. ओळ मात्र तशीच ठेवली, कारण मामा म्हणाले, "असू दे. आजोबांना तिच्याखाली लिहायची सवय झालीय."

आता दुकानाचे ॲप आले आहे. माझ्याकडे दिवसाला एखादेच पत्र येते. वही मात्र अजून दर पाच मिनिटांनी दार वाजवते. बरे वाटते.

——— कृपया या ओळीच्या वर लिहा ———

मित्रांनो, इथपर्यंत आलात? मग माझे मागणे इथेच, खाली, लिहितो. कुणाचे उत्तर कोरे दिसले तर रागावण्याआधी जरा खाली बघा. तिथे कोणीतरी केव्हाचे, अगदी अदबीने, हो म्हणत असते.