रूपीचं खळं

वरोरच्या किनाऱ्यावरून नवा रस्ता जायचा होता. त्यात मासळी सुकवणाऱ्या कुणाकुणाची जागा जाईल, याचा अभ्यास हेमांगीकडे आला. तीन आठवडे ती घरोघर फिरली. बोंबील टांगायचे बांबूचे मांडव तिने मोजले आणि ज्याचं त्याचं नाव नकाशावर लिहिलं.

अहवाल धाडण्याआधी तिने गावाला नकाशा दाखवला. बायका आपापली नावं शोधू लागल्या. रूपी मात्र मागेच उभी राहिली. तिच्या घरी होडी नव्हती. दुसऱ्यांचा जवळा विकत घेऊन ती सुकवायची आणि आशागडकडच्या पाड्यांवर विकायची.

"बाई, माझं खळं कुठंय?" तिने विचारलं.

नकाशावर तिथे कोरी जागा होती. जवळा खळ्यात, म्हणजे सारवलेल्या जमिनीवरच पसरतात, त्याला मांडव लागत नाही. शिवाय हेमांगीचा पहिलाच प्रश्न होता, घरात होड्या किती? नाही म्हटलं की ती पुढच्या घरी जायची. अशी एकोणीस घरं सुटली होती.

रूपीचं एक नाव लिहून भागलं असतं. पण हेमांगी सगळ्यांसमोर म्हणाली, "मी विचारलं तेच चुकलं. पुन्हा सगळं करते."

तिने महिनाभराची मुदत मागितली. फोनवर वरिष्ठ बरंच बोलले; ते ऐकून घेऊन ती पुन्हा किनाऱ्यावर गेली. मोजायच्या टेपचं दुसरं टोक आता रूपीच्या हातात असे. कुठलं खळं कुणाचं, कुठल्या महिन्यात कोण किती पसरतं, सगळं रूपीला तोंडपाठ होतं. हेमांगी लिहायची, वाचून दाखवायची, रूपी चुका काढायची.

डहाणूला रस्त्याची सुनावणी झाली, तेव्हा तिथल्या साहेबांनी रूपीच्या खळ्याच्या जागी नकाशावर बोट ठेवून विचारलं, की ही तर रिकामी जागा ना? हेमांगीला उत्तर ठाऊक होतं. तिने रूपीकडे पाहिलं.

रूपी उठली. "रिकामी नाय, साहेब. जवळा वाळला की आम्ही उचलून नेतो. म्हणून तुम्हाला तशी दिसते."

रस्ता सुरूच्या झाडांमागून न्यायचं ठरलं. तरी दोन खळी गेलीच. हे सांगायला हेमांगी दुसऱ्या कुणाला पाठवू शकली असती, पण ती खळी ज्या दोघींची, त्यांच्या घरी ती स्वतः गेली. एकीने चहाही विचारला नाही. दुसरी रडली. हेमांगी तिच्याजवळ बसून राहिली आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी जागा मागायला गावातल्या मालूच्या घरी गेली. मालूचे मांडव मोठे होते. तिने मांडवांशेजारची आपली जागा दोघींना खळ्यांसाठी दिली, आणि सारवायला रूपी आली.