बाकी काय विशेष

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपला राहायला येऊन अंबरीशला दीड वर्ष झालं होतं आणि एवढ्या काळात त्याला शेजाऱ्यांच्या मांजराचं नाव कळलं होतं. शेजाऱ्यांचं अजून कळायचं होतं. उलट स्कार्व्हनेस नावाचं जे गाव त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, तिथे कुणाचा कोणता गुडघा दुखतो हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता.

हे स्कार्व्हनेस नॉर्वेच्या पार टोकाला, नकाशा छापणाऱ्याची शाई जिथे संपत येते तिथे होतं. गावाची कचेरी, वाचनालय, पोहण्याचा तलाव आणि घराघरांत ऊब पोचवणारं बॉयलरघर हे सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालायचं. ते अडलं की फोन वाजायचा नीउ-व्हेनेपशेजारच्या होफ्डॉर्पच्या एका काचेच्या इमारतीत, अंबरीशच्या टेबलावर.

फोनवर काय बोलायचं ते कंपनीने ठरवून दिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ या वाक्याला ‘नको, धन्यवाद’ म्हणून फोन ठेवायचा असतो हे जगभर माहीत आहे. पण अंबरीश चिंचवडचा. त्यांच्याकडे पाहुणे ‘निघतो’ म्हणून उठत, चपला घालत, मग घरचं माणूस दाराला टेकून ‘बाकी काय विशेष?’ असं विचारी आणि तिथून खऱ्या गप्पांना तोंड फुटे. सोयरिकी, वाटण्या, डॉक्टर नक्की काय म्हणाले, सगळं चपला घातल्यावर. त्यामुळे कंपनीचं वाक्य तो म्हणायचा इंग्रजीतच, पण चाल दारातली असायची. आणि म्हणून झालं की तो थांबायचा.

पहिल्यांदा थांबला तेव्हा पलीकडे तोरुन होती. ती सकाळी वाचनालय सांभाळायची आणि दुपारी तलाव. तिचा प्रिंटर सुरू करून देऊन अंबरीशने ते वाक्य म्हटलं. मग तोरुन म्हणाली की सूर्य गेला, परवाच. अंबरीशने वाईट वाटल्याचं सांगितलं. त्यावर तिने त्यालाच धीर दिला, म्हणाली, इतकं मनाला लावून घेऊ नकोस, जानेवारीत येतो तो.

तेव्हापासून स्कार्व्हनेस त्याच्या कानात राहायला आलं. अंधाराच्या दिवसांत तिथे सगळ्यात जास्त गर्दी तलावावर असते, कारण उजेड आणि गरम पाणी एकाच तिकिटात मिळतं. गाड्या रात्रभर मोबाईलसारख्या चार्जिंगला लावून ठेवतात, नाहीतर इंजिन गोठतं. केळी बोटीने येतात आणि ती पिकेपर्यंत सगळं गाव त्यांच्यावर नजर ठेवून असतं. फुटबॉलच्या मैदानात रेनडिअर येऊन बसतात आणि त्यांना उठवणं असभ्य समजतात. वाचनालयात पुस्तकांबरोबर स्की आणि ड्रिल मशीनही घरी न्यायला मिळतात.

या ड्रिल मशीननेच घोळ केला होता. बॉयलरघराच्या आयनारने ते नेलं, परत केलं, पण त्याचं भोक पाडायचं बिट मात्र परत आलं नाही. त्या दिवसापासून तोरुन आणि आयनार यांच्यात बोलणं बंद. आयनारचं वय असं होतं की गाव त्याला निवृत्त करायला विसरलं असावं. अंबरीश त्याला मनात काका म्हणता म्हणता एकदा फोनवरही म्हणून गेला. आयनारने अर्थ विचारून घेतला आणि मंजूर केला. मग असं होऊ लागलं की तलावाचं पाणी गार लागलं की तोरुन अंबरीशला सांगे, अंबरीश आयनारकाकांना सांगे, आणि काका झडप फिरवत. उत्तर ध्रुवाजवळच्या तलावाचं पाणी हॉलंडमार्गे तापत होतं.

“इथल्या आपल्या डॉक्टरचं, त्या हाउसआर्ट्सचं, नाव विचारलं तर तुला सांगता येत नाही,” त्याची बायको मृदुला एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “आणि तिथलं ड्रिलचं बिट कुठे हरवलं ते पाठ.”

“हरवलं नाही ते,” अंबरीश म्हणाला. “वाद तिथेच आहे.”

नवऱ्याच्या आयुष्यात दुसरं गाव आलंय हे तिने समजून घेतलं.

हरीशने मात्र घेतलं नाही. हरीश म्हणजे अंबरीशचा मॅनेजर, डोंबिवलीचा. माणसं त्याला आलेखातून जास्त स्पष्ट दिसत. डिसेंबरात त्याने अंबरीशसमोर एक आलेख ठेवला. त्यात सगळ्यांचे फोन म्हणजे गवत होतं आणि अंबरीशचे नारळाची झाडं. बिघाड दोन मिनिटांत दुरुस्त होतो, मग उरलेली वीस मिनिटं काय चालतं, असं त्याने विचारलं. पाहुणे चपला घालत असतात, हे उत्तर अंबरीशने गिळलं. हरीशने निकाल दिला की महिनाभरात प्रत्येक फोन पाच मिनिटांच्या आत आला नाही, तर स्कार्व्हनेसचं काम ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणाऱ्या यंत्राकडे जाईल आणि अंबरीश आइंडहोव्हनला, एका गोदामाच्या सॉफ्टवेअरवर. गोदामाला गुडघे नसतात.

अंबरीश घाबरला. दुसऱ्या दिवसापासून तो ते वाक्य आणि धन्यवाद एका दमात म्हणून फोन ठेवू लागला. दोन दिवसांत स्कार्व्हनेसमध्ये बातमी पसरली की होफ्डॉर्पचा मुलगा आजारी आहे. तोरुनने फोन करून खडसावून विचारलं, तेव्हा त्याने पाच मिनिटांचं सांगून टाकलं. यंत्राचंही सांगितलं.

गावाने विचार केला आणि उपाय काढला. पाच तर पाच. लोक पाच मिनिटं बोलून फोन ठेवत आणि पुन्हा लावत. आयनारकाकांच्या गुडघ्याची हकिकत सोमवारी सुरू झाली ती हप्त्याहप्त्याने गुरुवारी घोट्यापर्यंत पोचली. पण एक अडचण होती. बिघाडाशिवाय फोन करता येत नव्हता आणि ती माणसं इतकी सरळ की खोटं बोलणं त्यांना जमेना. म्हणून ती आधी प्लग काढत आणि मग फोन करत.

जानेवारीत हरीशने नवा आलेख काढला. फोनची लांबी पाहून त्याचा ऊर भरून आला. मग त्याने फोनची संख्या पाहिली. जगात इतकं बिघडलेलं गाव दुसरं नव्हतं. वरून विचारणा झाली, आणि हरीश अंबरीशला बाजूला सारून स्वतःच त्याच्या खुर्चीत बसला. अंबरीश शेजारी उभा राहिला. बारावीच्या निकालालाही तो असा उभा राहिला नव्हता.

पहिलाच फोन आयनारकाकांचा. बॉयलरघरातल्या कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला होता. स्पीकर चालू होता.

“प्लग लावलेला आहे का?” हरीशने नियमाप्रमाणे विचारलं.

“नाही. मीच काढलाय.”

“का?”

“अंबरीशशी बोलायचं होतं.”

हरीशने अंबरीशकडे पाहिलं. अंबरीश गालिचा पाहू लागला. आता संपलं, असं त्याला वाटलं. गोदामाचा वाससुद्धा आला.

“कशाबद्दल?” हरीशने विचारलं.

काकांनी सांगितलं. उद्या सूर्य येणार होता. दुपारी डोंगराच्या खाचेतून जेमतेम डोकावून परत जाणार. सगळं गाव टेकडीवर बघायला चढतं, पण यंदा गुडघा चढू देत नव्हता आणि बॉयलरघरातून खाच दिसत नव्हती. तो आला की तोरुन अंबरीशला टेकडीवरून कळवणार होती आणि अंबरीश त्यांना.

“तोरुन तुम्हालाच का नाही कळवत?” हरीश म्हणाला.

“आम्ही बोलत नाही,” काका म्हणाले, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. हरीशने मध्ये एकदाच तोंड उघडलं, बिट किती नंबरचं होतं ते विचारायला.

दुसऱ्या दिवशी होफ्डॉर्पला पाऊस पडत होता. हरीश दोन कानांना दोन फोन लावून बसला होता. अंबरीशने एक तरी फोन मागून पाहिला, मिळाला नाही. उजव्या कानात तोरुन आणि वारा, डाव्या कानात काका आणि बॉयलर.

“आला,” उजवा कान म्हणाला.

“आला, काका,” हरीश डावीकडे म्हणाला.

“कसा दिसतोय?”

हरीशने उजवीकडे विचारलं आणि डावीकडे पोचवलं. “बारीक झालाय म्हणते. पण रंग चांगला आहे.”

त्या संध्याकाळी हरीशने वर कळवलं की एवढ्या दूरच्या गावाला यंत्राच्या भरवशावर सोडता येणार नाही, माणूसच लागेल, आणि फोन हवा तितका चालू द्यावा, म्हणजे बिघाड आपोआप कमी होतील. प्लग काढणं थांबलं. बिघाड खरंच कमी झाले. वरच्यांनी हरीशची पाठ थोपटली आणि अंबरीशचं आइंडहोव्हन टळलं.

फक्त आता काका फोन केला की हरीशला मागतात. मंगळवारी अंबरीश कॉफी घेऊन आला तर त्याच्या खुर्चीत हरीश, खुर्ची मागे रेलून, पाय टेबलाच्या कडेला.

“सर, माझा फोन आहे तो,” अंबरीश हळूच म्हणाला.

हरीशने हेडफोनवर हात ठेवला. “तू जेवून घे. आम्हाला वेळ लागेल.”