ठमीवाचून मुंबई

ठमीचं पाळण्यातलं नाव कियारा. तिच्या मावशीने मोबाईलवर शोधून काढलेलं. जन्मदाखला सोडला तर ते कुठंच चिकटलं नाही. बारशाला कानात 'कियारा' सांगून झालं, तशी आजीने पोरीच्या गुबगुबीत मांड्या दाबून बघितल्या आणि म्हणाली, "ही कसली केरा? ही तर ठमी हाय माजी." झालं. त्या दिवसापासून समुद्रकाठच्या एडवण गावातली झाडून सगळी माणसं तिला ठमीच म्हणू लागली, आणि तिची आई उन्नती, जिला हे नाव आधी मुळीच आवडलं नव्हतं, तीही.

तर ही ठमी अकरा महिन्यांची झाली तरी दूध म्हणून जे काही प्यायची ते आईचंच. मऊ भाताची चार शितं खायची, दोन थुंकायची, केळं अंगाला फासायची. पण गाईचं, पावडरचं, बाटलीतलं, वाटीतलं, कुठलंही दूध पुढे आलं की ओठ असे मिटायची, की जणू कुणी कुलूप घातलंय. आणि झोप? ती तर आईच्या छातीशीच. तिथे नाक खुपसल्याशिवाय डोळा मिटत नसे.

इकडे उन्नतीला बोईसरच्या एका कंपनीत, लॅबमध्ये, नोकरी लागली होती. केमिस्ट्रीची पदवी लग्नापासून ट्रंकेत पडली होती, ती एकदाची बाहेर निघाली. पुढच्या सोमवारपासून हजर व्हायचं. सकाळी सातची कंपनीची बस सफाळ्याहून. ठमीचं काय, हा प्रश्न घरात सगळ्यांना दिसत होता आणि सगळेच त्याला वळसा घालून चालत होते. एकदा रात्रभर जागून, डोकं भणभणलेलं असताना, उन्नती सासूला म्हणाली होती, "आई, हिला कसं सोडवायचं ते तुम्हीच बघा. मला नाही जमत." सासू, जयवंती, तेव्हा शेवग्याच्या शेंगा मोडत होती. तिने पुढची शेंग उचलली.

दोन दिवसांनी तीच म्हणाली, "अर्चनाची बस चाललीय रविवारी मुंबई बघायला. महिला मंडळाची. तू पण जा."

"आणि ठमी?"

"मी काय मेलीय?"

"घेऊन जाते ना तिला."

"उन्हातान्हात पोर कडेवर घेऊन मुंबई बघशील, का पोर बघशील? नोकरी लागली की मंग कुटं जातेस तू. जा. सकाळी पाजून जा, रातीला येशील तवा पाज. तेवड्यात काय मरत नाय कोण."

उन्नतीला मोह झाला, हे खोटं नाही. मुंबई तिने पाहिली होती ती दादरला बस्ता बांधायला गेली तेवढीच. म्हातारीचा बूट तर शाळेपासून बघायचा राहिला होता. चौथीच्या सहलीला नेमका तिला गोवर आला होता. वर्षभरात ती घर, विहीर, वाडी आणि सफाळ्याचा दवाखाना याच्यापलीकडे गेली नव्हती. शनिवारी तिने ड्रेसला इस्त्री केली, तेव्हा ठमी इस्त्रीच्या वायरकडे रांगत होती आणि उन्नती गुणगुणत होती.

पहाटे गावच्या आशापुरी देवीपुढे नारळ वाढवून बस सुटली. उन्नतीने ठमीला झोपेतच पोटभर पाजलं होतं. निघताना तिने मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं तर पाय निघणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

बसमध्ये शेजारी काशीबाई. साठीची, पानवेलीच्या वाडीत आयुष्य गेलेली, आवाज असा की ड्रायव्हरने दोनदा आरशात बघितलं. वरई फाट्यावर बस हायवेला लागली तसं तिने चटणी-भाकरी सोडली, विरार फाट्याला दुसरी भाकरी संपवली, आणि घोडबंदरच्या गर्दीत बस थांबली ती थांबलीच, तेव्हा म्हणाली, "ही मुंबईच ना?"

"काकी, ही नुसती गाड्यांची लाईन आहे," पुढून अर्चनाताई म्हणाली. अर्चनाताई अंगणवाडीत. आजही तिच्या गळ्यात शिट्टी होती.

"बघितली मंग. चला घरी."

सगळ्या हसल्या, उन्नतीही. पण हसताना छातीत पहिली कळ आली. ठमीची सकाळची वेळ झाली होती. शरीराला हायवे कळत नाही, सहल कळत नाही. त्याला वेळ कळते.

महालक्ष्मीच्या रांगेत तिने घरी फोन लावला.

"बरी हाय," जयवंती म्हणाली.

"प्यायली काही?"

"खेळते."

"आवाज नाही येत तिचा."

"आंगणात हाय. तू देव बघ."

"व्हिडिओ लावा ना आई, एकदाच."

"खुळी काय तू? तुजं तोंड बघितलं की पेटंल ती." आणि फोन बंद.

उन्नतीने देवीपुढे हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. तिने नवऱ्याला फोन केला. धीरजला रविवारी लागोपाठ दोन पाळ्या होत्या, रात्री अकरापर्यंत; तारापूरच्या त्याच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करावा लागतो. घंटी वाजत राहिली. एका लोखंडी कप्प्यात, दहा-बारा फोनांमध्ये, त्याचा फोन थरथरतोय, असं तिला उगाच दिसलं.

गेटवेला पोचेपर्यंत दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्या होत्या. समोर समुद्र होता, पण तो त्यांना नवा नव्हता. बायकांना ताजचं अप्रूप होतं. त्या एकमेकींना ताजपुढे उभं करून फोटो काढत होत्या. तेवढ्यात कुठल्यातरी परक्या बाईचं, ढकलगाडीतलं बाळ रडलं. साधंच रडलं, टोपी डोळ्यावर आली म्हणून. आणि उन्नतीचा पान्हा फुटला. रोखता आला नाही. तिने ओढणी गच्च आवळली, हाताची घडी घातली, पण इस्त्रीच्या ड्रेसवर दोन ओले गोल पसरत गेले आणि ती भर दुपारी, हजार माणसांत, उभी राहिली. आपल्याच अंगाने आपली चहाडी करावी तशी.

काशीबाईने बघितलं. स्वतःचा पदर तिच्या खांद्यावरून टाकला.

"भरून आलंय तुला?"

उन्नतीने मान हलवली. बोलली असती तर रडली असती.

"पिळून काड. नायतर गाठी धरतील नि ताप येईल. पण बाय, संडासात नको हां. आईचं दूध गटारात नाय घालायचं, पायदळी नाय पाडायचं. आटतं. झाडाच्या मुळात घालायचं."

उन्नती बी. एस्सी. झालेली. हे असलं काही खरं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि तरीही त्या क्षणी, ठमी आपल्याला शोधत असताना, 'आटतं' हा शब्द ऐकून तिने काशीबाईचा हात धरला. नको, काही झालं तरी गटारात नको.

स्वच्छतागृहात ती उभी राहिली, काशीबाईचा स्टीलचा पेला धरून. बाहेर बायका दार वाजवत होत्या. पेला भरला. ठमीचं अख्खं एक जेवण. कोमट. तो पदराखाली झाकून दोघी झाड शोधायला निघाल्या.

तुम्ही कधी त्या भागात मातीचा तुकडा शोधलाय? झाडं होती, पण प्रत्येकाच्या गळ्यापर्यंत फरशी चढवलेली. एकाभोवती सिमेंटचा पार, एकाच्या बुंध्याशी पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग, एकाखाली पोलिसांची गाडी. "काय गाव हाय," काशीबाई पुटपुटली, "झाडाला पण पाय ठेवायला जागा नाय." शेवटी अर्चनाताईची शिट्टी वाजली, आणि उन्नती पेला हातात धरूनच बसमध्ये चढली. मलबार हिलच्या चढावर तो पेला तिने देवाचं तीर्थ धरावं तसा धरला होता.

हँगिंग गार्डनला माती होती. एका जुन्या झाडाच्या मुळाशी दोघी वाकल्या, तोच शिट्टी. या खेपेला वॉचमनची.

"ओ मौसी! क्या डाल रही हो पेड में?"

"दूध."

"कायका दूध?"

"आईचं!" काशीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ये, बघ. तुज्या या बागेला जन्मात कदी मिळालं नसंल."

वॉचमन बिचारा तरणा होता. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि पाठ करून उभा राहिला, दुसऱ्या कुणी इकडे येऊ नये म्हणून. उन्नतीने पेला कलता केला. पांढरं दूध मातीत गेलं, क्षणभर वर बुडबुडे राहिले, मग तेही नाही. तिला वाटलं, ठमीच्या तोंडातलं काढून आपण हे झाडाला दिलं.

म्हातारीचा बूट समोरच होता. मुलं वर चढत होती, खिडकीतून हात हलवत होती. उन्नतीने तो पाहिला. नंतर तिला विचारलं असतं, तर त्याचा रंगही सांगता आला नसता.

"अर्चनाताई, मी पुढे जाऊ का? गाडीने?"

"एकटी? आज मेगाब्लॉक आहे ग. डहाणूच्या गाड्या कधी नि कुठून, कुणाला ठाऊक. विरारला अडकलीस तर? तुझ्या सासूला काय सांगू मी?" अर्चनाताईने तिचा हात धरला. "आणि जयवंतीकाकूंनी मला बजावलंय. रात्रीच्या आधी हिला आणायची नाही म्हणून."

"असं म्हणाल्या?"

"तुला मुंबई नीट बघायला मिळावी म्हणून ग."

उन्नतीने लगेच फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा सासूचा आवाज बसलेला होता, आणि मागे, खूप मागे, पंपाच्या धडधडीतून, काहीतरी होतं. गाय हंबरत असावी. किंवा नसावी.

"आई, ती रडतेय का?"

"पंप चालू हाय. ऐकू नाय येत." फोन बंद. नंतर उचललाच नाही.

परतीच्या रस्त्यात बायकांनी गाणी म्हटली, भेंड्या लावल्या. उन्नती खिडकीच्या गजाला कपाळ टेकून होती. कणकण भरली होती. ड्रायव्हरला लवकर चालवा म्हणावं, तर पुढे ट्रक. ट्रकला म्हणावं, तर त्याच्यापुढे ट्रक. काशीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काही बोलली नाही, आणि काशीबाई गप्प बसली याचीच उन्नतीला जास्त भीती वाटली.

दिवेलागण होऊन गेली होती. बस थांबायच्या आत तिने उडी टाकली आणि धावत अंगणात आली.

ओटीवर जयवंती बसली होती. नऊवारीवर तिने उन्नतीचा फुलाफुलांचा गाऊन चढवला होता. खांद्यावर ताणलेला, पुढे बटणं न लागणारा. एरवी हसून हसून पोट दुखलं असतं. मांडीवर ठमी होती, जागी. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. जयवंतीचेही.

ठमीने आईला पाहिलं. झेप घेतली नाही. आधी नुसती बघत राहिली, खालचा ओठ थरथरला, आणि मग असा टाहो फोडला की शेजारचा कुत्रा उठून बसला. उन्नतीने तिला ओढूनच घेतलं. इवला हात सरळ गळ्यातून आत शिरला.

"वास लागतो ना तुजा," जयवंती गाऊनकडे बघत म्हणाली. "म्हणून घातला. सकाळपासून रडली. वाडीच्या पार टोकाला, पंपापाशी नेली होती, तुला फोनात ऐकू जाऊ नये म्हणून. दुपारी निजली रडून रडून. उठली ती मुकाट वाटीतलं प्यायली. गाईचं. परत संद्याकाळी प्यायली."

"तुम्ही मला म्हणून पाठवलंत," उन्नती म्हणाली.

"मंग? सोमवारी तू कंपनीत, नि ही हितं उपाशी. ते बघवलं असतं तुला? तू घरात असतीस तर जमलं असतं हे?" तिचा आवाज चिरकला. "मला बरं वाटलं असंल काय ग? माज्या थोरल्याच्या, सुजीतच्या वेळी मला पण असंच माहेरी धाडलं होतं सासूने. आठ दिवस. तू तर एकच दिवस गेलीस."

ठमी ड्रेसवर तोंड घासत होती. ओल्या कापडाला ओठ लागले तशी ती चोखू लागली, कापडच. उन्नतीचा हात हुकाकडे गेला.

"पाज तू. मी कोण अडवणार?" जयवंती हळूच म्हणाली. "पण आज दिलंस, तर उद्या परत हेच. आज रडली तेवढं परत रडंल. आमा दोगींची परत ताकद नाय, एवडंच सांगते."

उन्नती तशीच उभी राहिली. राग यावा तर कुणाचा? समोर तिच्याच गाऊनमध्ये बसलेली ही थकलेली बाई, जिने दिवसभर नातीचं रडणं एकटीने सोसलं? सगळं बरोबर होतं. कुणाचंच चुकलं नव्हतं. आणि छाती फुटत होती.

जयवंती आत गेली. स्टोव्हचा आवाज आला, मग वाटीचा. बाहेर येऊन तिने वाटी उन्नतीपुढे धरली, स्वतः पाजायला बसली नाही.

उन्नती ओटीच्या पायरीवर टेकली. तिने कापड ठमीच्या तोंडातून हलकेच सोडवलं. ठमी रडायच्या तयारीत होती. मग तिने वाटी पाहिली. आईकडे पाहिलं. पुन्हा वाटीकडे. आणि आपणहून तोंड उघडलं.

"बघ, किती शाणी," जयवंती म्हणाली, आणि पटकन तोंड फिरवलं.

ठमी घोट घोट पीत होती, आईच्या चेहऱ्यावरची नजर न काढता. तिच्या प्रत्येक घोटाला उन्नतीचं दूध आपोआप वाहत होतं, पोटापर्यंत, सलवारीच्या नाडीपर्यंत. ती हलली नाही. हलली असती तर वाटी सांडली असती.