रोटी कोरडी नव्हती

नबातच्या हातच्या रोटीला नाव ठेवणारा माणूस अख्ख्या गावात शोधून सापडला नसता. तिने तंदूर पेटवला की वास पार मशिदीपर्यंत जायचा, आणि शेजारणी काही ना काही निमित्त काढून अंगणात येऊन उभ्या राहायच्या. अशा रोटीत खोट काढली ती घरातल्याच माणसाने, तिच्या सासऱ्याने.

"तिला सांग," हालमुराद बायकोकडे बघून म्हणाला, "रोटी कोरडी झालीय."

नबात तिथेच, जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या टोकाला बसलेली होती. पण आमच्या तुर्कमेनांत सून सासऱ्याशी बोलत नाही. लग्न होऊन आली त्या दिवशी तिने डोक्यावरच्या रुमालाची कड दातांत धरली, ती सासऱ्यासमोर कधी सोडली नव्हती. त्याला हवं-नको ते सासूने सांगायचं, हिचं उत्तरही सासूनेच पोचवायचं. मोठ्यांचा मान राखायची ही रीत. नबातला तिचा कधी जाच वाटला नव्हता. हालमुराद भला माणूस होता. बाजारातून येताना नातवंडांच्या आधी सुनेसाठी खडीसाखर आणायचा आणि कुणी बघत नाही असं पाहून चुलीपाशी ठेवून द्यायचा.

"ऐकलंस ना गं?" सासू अमानबीबी नबातला म्हणाली. "माझ्या हातचं करपलेलं खाण्यात ह्यांचा जन्म गेला, तेव्हा चकार शब्द नाही. आता चांगली करणारी मिळाली, तर नखरे सुचतायत."

सगळे हसले. नबातही रुमालाआड हसली, पण ते तिला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने पीठ दुधात भिजवलं. हालमुरादने तुकडा मोडला, चघळला आणि पुन्हा तेच: कोरडी आहे. मग तिने पिठात मेंढीची चरबी घातली. रोटी अशी लुसलुशीत झाली की म्हातारी शेजारीण बिनदातांनी खाऊन गेली. हालमुरादने मात्र ती कुस्करून शोरब्यात टाकली, पार लगदा होईपर्यंत भिजवली आणि वाडगा तोंडाला लावला. आता तर नबातच्या रागाचा पारा चढला.

"तुझ्या बाबांना माझं काही चुकलंय का विचार," ती नवऱ्याला म्हणाली.

मेरदान कापसाचा ट्रक चालवायचा. तो घरी असायचा कमी, आणि असला की त्याला शांतता हवी असायची. "वय झालंय त्यांचं. दात गेले असतील."

"दात? परवा अक्रोड फोडला त्यांनी दातांनी."

"मग तुझी रोटीच कोरडी असेल," असं म्हणून तो कूस बदलून झोपला. त्या आठवड्यात त्याला रोटी जरा करपलेलीच मिळाली.

हालमुरादची गावात ख्याती होती ती चहासाठी. आमच्याकडे बैठकीत प्रत्येकापुढे ज्याची त्याची चिनी मातीची किटली येते, आणि ती चुलीवरून थेट यायला हवी. पाहुण्याला निवलेला चहा देणं म्हणजे त्याला दारातूनच वाटेला लावणं. बाकीचे वाडगीवर फुंकर घालत असायचे, तोवर हालमुरादची पहिली वाडगी रिकामी झालेली असायची. "फुंकता काय? बाळंतिणी आहात का?" तो विचारायचा, आणि पुरुषांच्या माना खाली जायच्या. तरणी पोरं त्याच्यासारखं करायला जाऊन जीभ पोळून घ्यायची. घरातही नबातला चांगलं माहीत होतं, की किटलीच्या तोटीतून वाफ निघत नसेल तर ती सासऱ्यापुढे न्यायची नाही.

एका दुपारी अमानबीबी शेजारी मयतीच्या घरी गेली होती. नबातने जेवण ठेवलं आणि ती आत गेली. दाराच्या फटीतून तिची नजर सहज बाहेर गेली. हालमुराद एकटाच होता. त्याने शोरबा संपवला, मग रोटीचा छोटासा तुकडा मोडून तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि गिळला. गिळला आणि थांबला. मान लांब केली, छातीच्या मधोमध मूठ दाबली. मग घाईने कढत चहाचा घोट घेतला, डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्याने ते टोपीने पुसलं. उरलेली रोटी त्याने अंगणातल्या कुत्र्याला टाकली.

रोटी कोरडी नव्हतीच. म्हाताऱ्याच्या घशाखाली ती उतरत नव्हती, आणि इतके दिवस नबात रागावत होती आपल्या रोटीच्या अपमानावरून.

संध्याकाळी तिने सासूला सांगितलं. अमानबीबीचा चेहरा पांढरा पडला.

"गप्प बस," ती म्हणाली. "त्या रोगाचं नाव ह्या घरात काढायचं नाही."

"मी कुठे नाव काढलं, आई? मी म्हटलं, घास अडकतो."

"माझ्या भावाचंही असंच झालं होतं. आधी रोटी भिजवून मागायचा, मग नुसता शोरबा, मग पाणीसुद्धा..." ती पुढे बोलू शकली नाही. "नशिबात असेल ते होईल. डॉक्टरने सांगितलं की माणूस आधी भीतीने मरतो."

नबातला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाणी आणायचं निमित्त करून ती गावच्या आरोग्यघरात गेली. तिथली सेविका तावूस ह्याच गावची लेक होती. पोरांना लस टोचण्यापासून म्हाताऱ्यांची औषधं मोजून देण्यापर्यंत सगळं तीच करायची, आणि तिचं तोंड जरा फटकळ होतं.

नबातने सगळं सांगितलं. तावूसने हातातलं काम ठेवलं.

"मी मागेच विचारलं होतं त्यांना, काका, बारीक झालात का? तर म्हणाले, घोडा आहे मी घोडा. पुरुष मला खरं सांगत नाहीत. तू विचार."

"मी? मी बोलत नाही त्यांच्याशी."

"मेरदान?"

"तो म्हणतो, रोटी कोरडी आहे."

"आणि सासू घाबरून बसलीय. म्हणजे घरात चार मोठी माणसं, एकाचा घास अडकतोय, तिघांना दिसतंय, आणि बोलत कुणीच नाही." तावूस तिच्या जवळ सरकली. "हे बघ नबात, कदाचित काहीच नसेल. साधी सूज असेल, गोळ्यांनी जाईल. पण तसलं काही असेल, तर आत्ता ते लहान असेल. नळीतून बघतात, तुकडा काढून तपासतात, लहान असलं तर कापून टाकता येतं. उशीर केला, तर तू फक्त शोरबा पातळ करत बसशील."

"पण रीत आहे ना गं. सहा वर्षं पाळली मी."

"रीत कशासाठी आहे? त्यांच्या मानासाठी. मग त्यांचा मान ठेवायला आधी ते असायला नकोत का?"

परतताना नबातने पाणी न भरताच हंडा घरी नेला.

त्या दिवशी मेरदान घरी होता. दस्तरखान पसरला. हालमुरादने तुकडा मोडला, हातात तसाच धरला आणि नेहमीसारखा बायकोला म्हणाला, "तिला सांग..."

नबातने दातांतली कड सोडली. रुमाल हनुवटीखाली घसरला.

"रोटी कोरडी नाही, बाबा. तुमच्या घशाखाली ती उतरत नाही."

अमानबीबीच्या हातातला डाव शोरब्यात पडला. मेरदान ओरडला, "नबात!" हालमुराद तिच्याकडे बघतच राहिला. सहा वर्षं ही मुलगी त्याच्या घरात होती, पण तिचा आवाज त्याने भिंतीपलीकडूनच ऐकला होता.

"ह्या घरात सून कधीपासून बोलायला लागली?" त्याने विचारलं. आवाज कठोर होता.

"आजपासून," नबात म्हणाली. तिला रडू येत होतं, तरी ती थांबली नाही. "रागवा माझ्यावर. हवं तर माहेरी पाठवा. पण उद्या शहरात, गोंबदला डॉक्टरकडे चला. त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं, तर मी जन्मभर पुन्हा तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही. आणि रोज पीठ दुधात भिजवीन."

मग अमानबीबी रडायलाच लागली. "जा हो," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या वेळी मी गप्प बसले होते. तुमच्या वेळी नाही बसवत."

हालमुरादने तुकडा खाली ठेवला. "दोन महिने झाले," तो अगदी हळू म्हणाला. "मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही घाबराल." मेरदानने वडिलांचा हात धरला आणि मान खाली घातली.

गोंबदच्या डॉक्टरांनी नळीतून पाहिलं. अन्ननलिकेत गाठ होती. तुकडा तपासायला गेला आणि जे यायला नको होतं तेच उत्तर आलं. पण डॉक्टर म्हणाले, "ह्या गाठी माझ्याकडे बहुतेक वेळा पाणीसुद्धा उतरेनासं झालं की येतात. तुमची जागच्या जागी आहे, पसरलेली नाही. काढता येईल." त्यांनी चहाचंही विचारलं. हालमुरादने जरा अभिमानानेच सांगितलं, तो चहा कसा पितो ते.

"कुणाला हा रोग का होतो, ते एकेका माणसाबद्दल नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले. "पण कढत चहाने अन्ननलिका रोज भाजते. वर्षानुवर्षं भाजली की धोका वाढतो."

"म्हणजे चहा सोडायचा?" हालमुरादला गाठीपेक्षा ह्याचीच भीती जास्त वाटली असावी.

"चहा कशाला सोडता? घाई सोडा."

गोरगानच्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. हिवाळा कठीण गेला. हालमुराद निम्मा झाला, कित्येक आठवडे पातळ अन्नावरच राहिला. ते त्याला नबातच भरवायची. बोलल्याशिवाय भरवता येत नाही, त्यामुळे रीत तिथे आपोआप बाजूला पडली, आणि अमानबीबीनेही तिची पुन्हा आठवण करून दिली नाही. वसंतात तपासणी झाली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, सध्या सगळं साफ आहे, पण तपासायला येत राहा. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

हालमुरादने मेंढा कापला आणि गाव जेवायला बोलावलं. गवत गुडघाभर वाढलं होतं, अंगणात लोकरीचे गालिचे अंथरले होते. प्रत्येकापुढे किटली आली, तोटीतून वाफ निघत होती. त्याचा जुना दोस्त चारी दुर्दी याने वाडगी भरली आणि उचलली. हालमुरादने आपला तळवा त्या वाडगीवर ठेवला.

"थांब."

"का रे? विष घातलंय?"

"बोट बुडव त्यात."

"भाजेल ना."

"बोटाला सोसत नाही, ते गळ्याला कसं सोसवतोस? आता फुंकर घाल, बाळंतिणीसारखी. मीच शिकवलं होतं तुम्हाला उलटं, आता मीच सांगतो. आणि घास अडकायला लागला, तर बायकोच्या रोटीला नावं ठेवू नका. तावूसच्या दारात जा. ती आहे म्हणून, आणि ही आहे म्हणून, मी आज इथे बसलोय." त्याने नबातकडे बोट केलं. "अल्लाहचे उपकार तर आहेतच. पण त्याने हिचं तोंड उघडलं, हे मी विसरणार नाही."

चारी दुर्दीने वाडगी खाली ठेवली. मग एकेकाने ठेवली. चहा निवायची वाट बघत बसलेलं आमचं गाव मी पहिल्यांदाच पाहिलं.

वाचकहो, आपल्याही घरात कुणीतरी काहीतरी टाळत असेल, हसण्यावारी नेत असेल, लपवत असेल. मानापोटी किंवा भीतीपोटी आपण गप्प बसतो, आणि तोवर रोग वाढत राहतो. विचारण्याने कुणाचा मान जात नाही. वेळेवर विचारलेल्या एका प्रश्नाने माणूस वाचतो. चहा निवू द्यावा, आणि असा प्रश्न मात्र निवू देऊ नये.

चहा निवला, प्यायला गेला. मग हालमुराद म्हणाला, "सूनबाई, रोटी आण. कालची."

नबातने कालची रोटी आणली. ती खरोखरच कोरडी झाली होती. हालमुरादने छोटासा तुकडा मोडला, सावकाश चघळला आणि गिळला. मेरदान श्वास रोखून बघत होता. अमानबीबीने तोंडावर रुमाल घेतला होता.

"उतरली," हालमुराद म्हणाला.

नबातने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "जरा कोरडी नाही ना झाली, बाबा?"